निशाची वही वर्गात उघडताना

फाळणीचा धडा शाळेत एका तासात संपतो. तारीख, दोन-चार नेत्यांची नावे, निर्वासितांचा आकडा आणि शेवटी 'टीपा लिहा' हा प्रश्न. मुले आकडा पाठ करतात, उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. एक कोटीहून अधिक माणसे घर सोडून निघाली, हे वाक्य बारा वर्षांच्या मुलाच्या मनात काहीच उमटवत नाही, कारण एक कोटी म्हणजे किती हे त्याला कळत नाही. एक मुलगी, तिचा जुळा भाऊ, वडील आणि आजी, एवढी चार माणसे मात्र त्याला नीट कळतात.

वीरा हिरानंदानी यांची 'द नाइट डायरी' ही इंग्रजी बालकादंबरी या चार माणसांची गोष्ट सांगते. ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी तिला अमेरिकेतला 'न्यूबेरी ऑनर' हा बालसाहित्यातला मानाचा सन्मान मिळाला. लेखिका अमेरिकेत वाढल्या. त्यांचे वडील भारतीय हिंदू कुटुंबातले, आई अमेरिकी ज्यू. वडिलांचे कुटुंब १९४७ मध्ये सिंधमधले मीरपूर खास सोडून जोधपूरला आले होते. त्या प्रवासाचा आधार घेऊन त्यांनी ही कादंबरी रचली. पात्रे कल्पित आहेत, वाट मात्र खरी आहे.

कादंबरीची नायिका निशा. १४ जुलै १९४७ रोजी ती आणि तिचा जुळा भाऊ अमील बारा वर्षांचे होतात. घरात स्वयंपाक करणारा काझी तिला वाढदिवसाची भेट म्हणून एक कोरी वही देतो. निशा त्या वहीत रोज रात्री पत्र लिहू लागते. पत्र आईला. ही आई मुलांच्या जन्माच्या वेळीच वारली आहे. वडील डॉक्टर, हिंदू. आई मुसलमान होती. काझीही मुसलमान. तो घरातल्यांपैकीच एक आहे. निशा सर्वांत जास्त रमते ती त्याच्याबरोबर, स्वयंपाकघरात. एके दिवशी वडील सांगतात, आपल्याला जावे लागेल. काझी येणार नाही.

अशी कादंबरी वर्गात वाचायची म्हटली, की शिक्षकापुढे काही प्रश्न उभे राहतात. आपल्याकडच्या गावातल्या वर्गात तर नक्कीच. बाकावर शेजारी शेजारी बसलेल्या मुलांची आडनावे वेगवेगळी आहेत. घरी बोलल्या जाणाऱ्या भाषा वेगळ्या आहेत. 'तिकडच्यांनी' काय केले, हे प्रत्येकाने घरी कधी ना कधी ऐकलेले असते, आणि 'तिकडचे' कोण हे घराघरागणिक बदलते. पुस्तक चांगले असून भागत नाही, ते उघडायचे कसे याचाही विचार करावा लागतो.

सुरुवात दिनदर्शिकेपासून करता येते. फळ्यावर १९४७ चे जुलै आणि ऑगस्ट हे दोन महिने मांडावेत. निशाची वही सुरू होते त्यानंतर आठवड्याभरातच त्या वर्षीचा रमजान लागला. म्हणजे देश दुभंगत होता ते सगळे दिवस रोज्यांचे होते. १५ ऑगस्टचा शुक्रवार हा रमजानमधला शेवटचा जुमा, सत्ताविसावा रोजा. सर सिरिल रॅडक्लिफ हे इंग्रज वकील ८ जुलैला भारतात आले. त्यापूर्वी त्यांनी हा देश पाहिलाही नव्हता. त्यांना जेमतेम पाच आठवडे मिळाले. त्यांनी आखलेली रेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला, स्वातंत्र्य मिळून दोन दिवस उलटल्यावर. त्या संध्याकाळी लोक ईदचा चंद्र शोधत होते. १८ ऑगस्टला ईद होती. पंजाबातल्या आणि बंगालातल्या कित्येक गावांना आपण कोणत्या देशात आहोत हे चाँदरातीला समजले.

एवढे फळ्यावर लिहिले की मुले आपोआप प्रश्न विचारतात. ईद झाली का मग? लोकांनी नवे कपडे घातले का? शाळा सुरू होत्या का? हे प्रश्न इतिहासाच्या पुस्तकात नसतात, पण विचारायला हवेत ते हेच.

त्यानंतर नकाशा. मीरपूर खास सिंधमध्ये. पूर्वेला थरचे वाळवंट, आणि वाळवंटापलीकडे जोधपूर. इथे एक गोष्ट मुलांना मुद्दाम दाखवायला हवी. रॅडक्लिफ यांची रेषा पंजाब आणि बंगालमधून गेली, सिंधमधून गेली नाही. सिंध अखंडच पाकिस्तानात गेला. जोधपूर हे संस्थान होते. महाराजा हनवंतसिंह यांनी ऑगस्ट १९४७ मध्ये भारताच्या सामीलनाम्यावर सही केली. सिंध आणि जोधपूर यांच्यामधली हद्द आधीपासूनच होती. लोक ती रेल्वेने ओलांडत, लग्नाच्या वऱ्हाडांसह ओलांडत, गुरे घेऊन ओलांडत. तीच हद्द रातोरात दोन देशांची सीमा झाली. निशाचे घर जागचे हलले नाही. घराभोवतीचा देश बदलला आणि त्यामुळे माणसांना हलावे लागले. परदेशी जाणे म्हणजे विमानात बसणे, अशी समजूत असलेल्या मुलांना हे कळायला थोडा वेळ लागतो. तो वेळ द्यावा.

याच वाटेवर उमरकोट आहे. दिल्लीचे तख्त गमावून वणवण फिरणाऱ्या हुमायूनला तिथल्या हिंदू राण्याने आसरा दिला आणि १५४२ मध्ये अकबराचा जन्म तिथे झाला. ही माहिती कादंबरीसाठी आवश्यक नाही. पण ज्या वाळवंटातून निशाचे कुटुंब पाण्यावाचून तडफडत चालले, तिथे चारशे वर्षांपूर्वी दुसऱ्या एका निर्वासित कुटुंबासाठी दार उघडले गेले होते, हे नकाशावर बोट ठेवून सांगता येते.

वाचन सुरू झाले की भाषेचा प्रश्न येतो. पुस्तक इंग्रजीत आहे. मराठी किंवा उर्दू माध्यमाच्या मुलांसाठी शिक्षकाला वाचता वाचता आपल्या भाषेत सांगावे लागेल. हे ओझे वाटते, पण त्यातूनच कधी कधी मूळ पुस्तकात न दिसणारी गोष्ट हाती लागते. वाटेत निशाचे कुटुंब एका माणसाकडे थांबते. त्याचे नाव रशीद. त्याचा ओठ जन्मतः दुभंगलेला आहे, त्यामुळे तो बोलत नाही, लिहून सांगतो. इंग्रजी पुस्तक त्याला 'अंकल' म्हणते. इंग्रजीत काका, मामा, आत्याचा नवरा, शेजारी, सगळे अंकलच. पण रशीद हा निशाच्या आईचा भाऊ. मराठीत सांगताना शिक्षकाला शब्द निवडावाच लागतो, आणि तो शब्द आहे मामा. उर्दूत मामू.

'रशीदमामा' हे दोन शब्द एकत्र उच्चारले की वर्गात क्षणभर थबकल्यासारखे होते. मामा म्हणजे सुट्टीत ज्याच्या गावाला जायचे तो. मामा म्हणजे लाड. हिंदू बापाच्या मुलांचा मुसलमान मामा आपला जीव धोक्यात घालून त्यांना घरात लपवून ठेवतो, हे समजावून सांगण्यासाठी शिक्षकाला सलोख्यावर एक वाक्यही बोलावे लागत नाही. नात्याचा शब्द ते काम करतो. निशा मामाबरोबर स्वयंपाक करते. दोघेही फार न बोलणारे. चुलीपाशी त्यांचे जमते. हा भाग घाईने वाचू नये.

मग तो प्रश्न येतो. कोणत्या ना कोणत्या बाकावरून येतोच. 'सर, पण चूक कोणाची?' कधी तो उघड विचारला जातो, कधी शेजारच्याकडे बघून कुजबुजत. इथे शिक्षकाचा तोल जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. एक मोह असतो विषय बदलण्याचा. 'ते जाऊ दे, पुढे वाचू.' दुसरा मोह असतो हिशेब सारखा करण्याचा, म्हणजे इकडची एक घटना सांगितली की तिकडची एक सांगायची. दोन्हींतून मुले एकच धडा घेतात, की यावर बोलायचे नसते किंवा यावर फक्त मोजदाद करायची असते.

निशाला स्वतःला हाच प्रश्न पडलेला आहे, हे शिक्षकाच्या मदतीला येते. ती कोणाच्या बाजूची? आई एका बाजूची, वडील दुसऱ्या. तिच्यापुरती बाजू निवडणे म्हणजे आई किंवा वडील यांतले एक सोडणे. त्यामुळे वर्गातला प्रश्न थोडा फिरवून विचारता येतो. या पानावर कोणी काय केले? दगड कोणी उचलला, दार कोणी उघडले, पाणी कोणी दिले, पाणी कोणी हिसकावले? प्रत्येक वेळी उत्तर एका माणसाचे असते, त्याने केलेल्या निवडीचे असते. असे पानापानाने वाचले की 'ते लोक' हा शब्द हळूहळू निरुपयोगी होतो. कारण पुस्तकात 'ते लोक' असे कोणी भेटतच नाही. काझी भेटतो, रशीदमामा भेटतो, तहानेने वेडापिसा झालेला एक बाप भेटतो.

इतिहासही नीट सांगितला पाहिजे, लपवून चालणार नाही. १९४१ च्या जनगणनेत सिंधमधला साधारण चौथा हिस्सा हिंदू होता. ऑगस्ट १९४७ पर्यंत पंजाबच्या मानाने सिंधमध्ये रक्तपात कमी होता. तरीही भीती पोहोचली होती. पंजाबातून आणि राजपुतान्यातून, उत्तर प्रदेशातून मुसलमान निर्वासित सिंधमध्ये येत होते. त्यांनी जे भोगले होते ते सांगत होते. त्यांनाही घरे हवी होती. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल झाली आणि त्यानंतर हिंदूंचे निघून जाणे वाढले. निशा ज्या रस्त्याने इकडे येत होती, त्याच रस्त्याने निशाच्या वयाची दुसरी मुलगी तिकडे जात होती. तिनेही वही लिहिली असती तर त्यात काय असते, हा निबंधाचा विषय होऊ शकतो. तो द्यावा आणि दोन्ही वह्या शेजारी ठेवून वर्गात वाचाव्यात.

या कादंबरीवर काम करून घेताना बरेच शिक्षक एक ठरलेला उपक्रम देतात. 'घर सोडावे लागले तर पिशवीत कोणत्या पाच वस्तू घ्याल?' मुले उत्साहाने लिहितात. मोबाइल, चार्जर, फोटो, पैसे. उपक्रम वाईट नाही, पण तो लवकरच सहलीच्या तयारीसारखा होतो. निशा निघताना काझीचा खलबत्ता घेऊन जाते. तो जड आहे. वाळवंटातून चालणाऱ्या माणसाने घेऊ नये अशी वस्तू. तरी ती सोडत नाही. म्हणून वर्गाला विचारावा असा प्रश्न वेगळा आहे. मागे काय राहिले? कोण राहिले? आपण गेल्यावर त्या स्वयंपाकघरात तो माणूस एकटा काय करत असेल? खलबत्त्याला उर्दूत हावनदस्ता म्हणतात. दोन्ही शब्द वर्गात माहीत असतात, एखाद्या बाकावर एक, दुसऱ्या बाकावर दुसरा. वेलदोडा कुटल्याचा वास दोन्हींतून सारखाच येतो, हे मुलेच सांगतात.

काही घरांत असा खलबत्ता खरोखर असेल, याचे भान शिक्षकाने ठेवावे. आपल्या राज्यात या गोष्टीच्या खुणा दूर शोधाव्या लागत नाहीत. कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात बांधलेल्या लष्करी छावण्यांमध्ये सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवले गेले. बराकींमध्ये पडदे लावून एकेक कुटुंब राहू लागले. १९४९ मध्ये या वस्तीला उल्हासनगर नाव मिळाले. आजही तिथले पत्ते 'कॅम्प नंबर' असेच लिहिले जातात. छावणी जाऊन शहर झाले, पत्त्यात छावणी उरली. या लोकांची भाषा ज्या प्रांताची होती तो प्रांतच मागे राहिला. सिंधी भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळायला १९६७ साल उजाडावे लागले. ती अरबी वळणाच्या लिपीतही लिहिली जाते आणि देवनागरीतही.

कराचीकडे पाहिले तर उलट खुणा सापडतात. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता, त्यामुळे कराचीत मराठी माणसे नोकरी-व्यवसायासाठी वसलेली होती. तिथली १८५५ मध्ये सुरू झालेली एक जुनी सरकारी शाळा आजही 'एन. जे. व्ही.' या नावाने ओळखली जाते. ही तीन अक्षरे नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याची. सिंधी भाषेच्या शालेय शिक्षणाची घडी बसवणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. दुसरीकडे, कोकणातून गेलेल्या मुसलमान कुटुंबांच्या वस्तीला कराचीत 'कोकण सोसायटी' म्हणतात. गाव सोडणाऱ्याने गावाचे नाव सोबत नेले. हे सांगताना भूगोलाचा तास चालू आहे की भाषेचा, हे मुलांना कळत नाही, आणि कळण्याची गरजही नसते.

मात्र 'घरी आजी-आजोबांना विचारून या' असा गृहपाठ देताना जपावे. फाळणीत, किंवा मराठवाड्यात १९४८ च्या त्या दिवसांत, ज्यांनी माणसे गमावली त्यांच्या घरात काही कपाटे बंदच ठेवलेली असतात. ती उघडण्याचे काम बारा वर्षांच्या मुलावर टाकू नये. सांगायचे असेल त्याने सांगावे, नको असेल त्याने पुस्तकातल्या पात्राबद्दल लिहावे. तसेच, वर्गातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला 'तुमच्यात असे असते का?' असे विचारून उभे करू नये. निशाला तिच्या सगळ्या समाजाची उत्तरे देता येत नाहीत. तिच्या वयाच्या आपल्या विद्यार्थ्याकडून ती अपेक्षा का करावी?

पुस्तकातला सर्वांत महत्त्वाचा भाग शेवटाकडे आहे. कुटुंब जोधपूरला पोहोचते. जीव वाचला, आता सगळे ठीक, असे वाचणाऱ्याला वाटते. आणि निशा बोलायची थांबते. ती मुळातच कमी बोलणारी. इथे तिचा आवाजच जातो. शाळेत ती गप्प, घरात गप्प. वहीत मात्र लिहीत राहते.

हा भाग शिकवताना शिक्षकाने स्वतःच्या वर्गाकडे पाहावे. ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांबरोबर सहा महिने फडावर राहून परतलेली मुलगी मागच्या बाकावर असते. वीटभट्टीवरून आलेला परप्रांतीय मुलगा असतो. चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकून पाचवीत मराठी शाळेत आलेली मुले असतात. ती गप्प असतात. हजेरीला 'हजर' म्हणतात, बाकी काही नाही. शेरा पडतो, 'अभ्यासात मागे.' थान्हा लाई यांच्या 'इनसाइड आउट अँड बॅक अगेन' या २०११ च्या कादंबरीत १९७५ मध्ये सायगाव सोडून अमेरिकेतल्या अलाबामात गेलेली दहा वर्षांची हा नावाची मुलगी आहे. आपल्या देशात ती वर्गात हुशार होती. नव्या भाषेत तिला साधे वाक्य येत नाही म्हणून ती मठ्ठ ठरते. तिची बुद्धी कुठेही गेलेली नसते. ती बोलून दाखवायला लागणारी भाषा तेवढी हाताशी नसते.

निशाचा भाऊ अमील हेच दुसऱ्या बाजूने दाखवतो. त्याला अक्षरे वाचणे जड जाते. वडील चिडतात. पण तो चित्रे सुंदर काढतो, आणि बहिणीच्या वाट्याचेही बोलतो. ज्याला वाचता येत नाही तो आणि जिला बोलता येत नाही ती, अशी ही दोन भावंडे. शाळेच्या गुणपत्रकात दोघांनाही जागा नाही. शिक्षकाने हे दोन धागे एकत्र धरले तर मागच्या बाकावरचे कोणीतरी मान वर करून ऐकू लागते. अमेरिकी अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये लिहिले होते, की मुलांसाठी पुस्तक कधी खिडकी असते, कधी आरसा. बहुतेक मुलांना 'द नाइट डायरी' ही खिडकी वाटेल. ज्याच्यासाठी ती आरसा आहे तो मूल बहुधा हात वर करणार नाही. शिक्षकाला ते ओळखावे लागते.

त्यासाठी फार काही लागत नाही. तोंडी उत्तराऐवजी चित्र चालेल, असे एकदा जाहीर करावे. उत्तर आधी घरच्या भाषेत लिहू द्यावे, मग मराठीत आणावे. दर आठवड्याला पंधरा मिनिटे कोरी वही उघडून कोणालाही पत्र लिहायला सांगावे, आणि ते तपासू नये. निशाची वही कोणी तपासत नव्हते. म्हणूनच ती त्यात खरे लिहू शकली.

निशा आणि काझी शेवटी पुन्हा भेटतात. मुलांना हा शेवट आवडतो. काही मुले विचारतात, असे खरेच झाले असेल का? प्रामाणिक उत्तर असे, की बहुतेकांच्या बाबतीत झाले नाही. रेल्वेमार्ग बंद पडले. पुढे २००६ मध्ये जोधपूर आणि कराचीला जोडणारी थर एक्स्प्रेस पुन्हा सुरू झाली आणि आठवड्यातून एकदा माणसे भावाबहिणींना, माहेरच्यांना भेटू लागली. २०१९ च्या ऑगस्टपासून तीही बंद आहे. लेखिकेने काझीला परत आणले ती सवलत कादंबरीने दिलेली आहे. मुलांना ही सवलत घेऊ द्यावी, पण ती सवलत आहे हेही सांगावे.

यानंतर शेवटच्या तासाला वर्गाला एवढेच विचारावे. या सोमवारी आपल्या वर्गात एक नवीन मुलगी येणार आहे असे समजा. ती बोलत नाही. तिला आपली भाषा येते की नाही हे आपल्याला ठाऊक नाही. पहिल्या दिवशी मधल्या सुट्टीत आपण काय करू? उत्तरे फळ्यावर लिहावीत आणि आठवडाभर पुसू नयेत. बहुतेक मुले लिहितात, डबा पुढे करू.